पोटावरची पिशवी : डेन्मार्क ते गडचिरोली (धागा)

१/ शस्त्रक्रियांचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी लिहिला जातो. स्टोमाचेही, म्हणजे आतड्याचे तोंड पोटाच्या त्वचेवर उघडण्याच्या शस्त्रक्रियेचेही, तसेच. १७९३ साली फ्रान्समध्ये ड्युरे याने गुदद्वार नसलेल्या नवजात बालकावर ती केली. ते मूल पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. मात्र नंतरच्या दीडशे वर्षांत, जगलेल्या रुग्णाने दिवस कसे काढायचे याकडे वैद्यकाने फारसे पाहिले नाही. कापडाच्या घड्या, रबराच्या जड पिशव्या, आणि दुर्गंधीच्या भयाने घराबाहेर न पडणे.

२/ ही कोंडी फोडली एका परिचारिकेने. १९५४ साली डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सन हिने, स्टोमामुळे घरात कोंडून घेतलेल्या आपल्या थोरा या बहिणीसाठी, त्वचेला चिकटणारी प्लास्टिकची पिशवी कल्पिली. प्लास्टिकचा कारखानदार प्रथम राजी नव्हता. त्याची पत्नी स्वतः परिचारिका होती. तिला मोल कळले.

३/ १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे शल्यविशारद टर्नबुल यांनी नॉर्मा गिल हिला रुग्णांना शिकविण्यासाठी नेमले. तिच्याकडे परिचारिकेची पदवी नव्हती. तिच्या स्वतःच्या पोटावर स्टोमा होता. या शाखेची पहिली गुरू एक रुग्ण होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

४/ महाराष्ट्रात ही विद्या रुजली ती प्रामुख्याने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१). तेथे परिचारिकांना स्टोमा-परिचर्येचे स्वतंत्र प्रशिक्षण मिळते. पण मुंबई ते भामरागड हे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास!

५/ येथे गडचिरोलीचाच एक अध्याय आठवावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरोघरी शुश्रूषा शिकविली, प्रसंगी इंजेक्शन देणेही. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो अहवाल छापला. इंजेक्शन देणारे हात पिशवी बदलू शकणार नाहीत, असे म्हणणे कठीण आहे.

६/ कारण कौशल्य अवघड नसून नेमके आहे. स्टोमा लालसर व ओला असतो, स्पर्शाने दुखत नाही. भोवतालची त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची. चकतीचे छिद्र स्टोमाच्या मापानेच कापायचे. मोठे झाले की मळ त्वचेवर उतरतो आणि ती सोलवटते. पिशवी एक-तृतीयांश भरताच रिकामी करायची.

७/ चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. घामाने चकती सुटते. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर शरीरातील पाणी व मीठ दोन्ही झपाट्याने निघून जातात. अशा वेळी नुसते पाणी पीत राहिल्याने भागत नाही, जलसंजीवनी लागते. तेंदूपत्त्याचा हंगामही नेमका याच दिवसांत येतो, आणि घरातील पिशवी बदलणारी व्यक्ती पहाटेच जंगलात गेलेली असते.