मजकूर, मार्ग आणि मांडणी

छापील ग्रंथ हातीं घेणाऱ्याला अनुक्रमणिका, पृष्ठांक आणि प्रकरणांचे मथळे यांचें महत्त्व सहसा जाणवत नाहीं. तीं नसलीं म्हणजे मात्र तें तत्काळ जाणवतें. प्रकरणाचा मथळा ठळक टाइपांत असतो, तोच अनुक्रमणिकेंत येतो आणि त्याच्यापुढील अंक वाचकाला नेमक्या पानावर नेऊन पोंचवितो. मजकूर, मार्ग आणि मांडणी हीं तिन्ही येथें एकमेकांच्या आधारानें चालतात. मुद्रणकलेला ही व्यवस्था बसविण्यास कित्येक पिढ्या लागल्या. संगणकावरील संकेतस्थळांना तोच धडा अवघ्या दहा-बारा वर्षांत, आणि बरीच किंमत देऊन, शिकावा लागला.

या इतिहासाचा आरंभ स्वित्झर्लंडमधील जिनेव्हा शहराजवळच्या ‘सर्न’ या अणुविज्ञानसंस्थेंत झाला. तेथें निरनिराळ्या देशांतून संशोधक येत, बहुधा दोनेक वर्षें राहत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर त्यांच्याजवळची माहितीही जाई. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञानें मार्च १९८९ मध्यें या अडचणीवर एक योजना सुचविली. कागदपत्रें संगणकावर असावींत आणि एका कागदपत्रांतील शब्दावरून थेट दुसऱ्या कागदपत्राकडे जातां यावें, अशी ती कल्पना होती. १९९१ सालीं ती जगाला खुली झाली. सर्नच्या त्या पहिल्या संकेतस्थळावर चित्रें नव्हतीं कीं रंगांची आरास नव्हती. मजकूर होता आणि त्या मजकुरांतूनच फुटणारे दुवे होते. ‘हा मथळा’, ‘हा परिच्छेद’, ‘ही यादी’ अशा खुणा मात्र प्रत्येक भागाला केलेल्या असत. मथळा किती मोठा दिसावा हें वाचकाच्या संगणकावरील ब्राउझर ठरवी. त्यामुळें तेंच पान निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळें दिसे, परंतु वाचतां मात्र सर्वत्र येई.

१९९३ मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनीं ‘मोझेइक’ हा ब्राउझर तयार केला. त्यांत मजकुराच्या शेजारींच चित्र दिसूं लागलें. वेबची लोकप्रियता झपाट्यानें वाढली आणि तिजबरोबर सजावटीची हौसही वाढली. छापील मासिकाप्रमाणें हुकमी मांडणी हवी, असें चित्रकारांना वाटूं लागलें. पण तशी सोय वेबमध्यें नव्हती. मग आडमार्ग शोधण्यांत आले. आंकड्यांसाठीं असलेल्या तक्त्यांच्या चौकटींत सबंध पान कापून बसविलें जाऊं लागलें. जागा सोडण्यासाठीं डोळ्यांना न दिसणारीं पारदर्शक चित्रें घातलीं गेलीं. सुंदर अक्षर हवें म्हणून शब्दांऐवजीं शब्दांचीं चित्रें लावण्यांत आलीं. डेव्हिड सीगल याच्या १९९६ मधील पुस्तकानें या युक्त्यांचा पुष्कळ प्रसार केला. पुढच्याच वर्षीं त्यानेंच लेख लिहून त्यांचे दोष मान्य केले.

वास्तविक यावर उपाय तोंवर निघालेला होता. होकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन तज्ज्ञानें सर्नमध्यें असतांनाच ऑक्टोबर १९९४ मध्यें सुचविलें होतें कीं, मजकूर आपल्या खुणांसह एका ठिकाणीं असावा आणि रंग, आकार, अंतर यांचे नियम वेगळ्या शैलीपत्रकांत लिहावेत. बर्ट बोस या डच सहकाऱ्यासह त्यानें ही पद्धति विकसित केली आणि डिसेंबर १९९६ मध्यें तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. परंतु प्रचलित ब्राउझर तिचें नीट पालन करीत नसत. म्हणून आडमार्गच राजमार्ग होऊन राहिला.

त्याची किंमत कोणाला द्यावी लागते हें ऑस्ट्रेलियांत दिसून आलें. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिक सामन्यांसाठीं संयोजन समितीनें मोठें संकेतस्थळ उभारलें होतें. ब्रूस मॅग्वायर हे जन्मांध गृहस्थ संगणकावरील मजकूर ब्रेल लिपींत उठविणाऱ्या यंत्राच्या साहाय्यानें वाचीत. जून १९९९ मध्यें त्यांनीं तेथील मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे फिर्याद नेली. त्यांचीं गाऱ्हाणीं तीन होतीं. चित्रांना आणि चित्ररूप दुव्यांना पर्यायी शब्द दिलेले नव्हते. वेळापत्रकाच्या पानावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीकडे त्यांना जातां येत नव्हतें. आणि सामन्यांच्या निकालांचे तक्ते त्यांना वाचतां येणार नव्हते. पहिलें गाऱ्हाणें मांडणीचें, दुसरें मार्गाचें आणि तिसरें मजकुराचें. पण तिन्हींचें मूळ एकच होतें. जें सांगावयाचें तें डोळ्यांना दिसणाऱ्या आकृतींतच कोंडलें गेलें होतें. आकृति न दिसणाऱ्याला सूचीचें दार आहे हेंही कळण्याचा उपाय नव्हता.

समितीनें उत्तर दिलें कीं, ही दुरुस्ती करावयाची तर एका माणसाचे ३६८ दिवस खर्ची पडतील आणि पैसाही अतोनात लागेल. तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून आयोगानें हा अंदाज अमान्य केला. २४ ऑगस्ट २००० रोजीं त्यानें फिर्यादीच्या बाजूनें निर्णय देऊन १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, दुरुस्ती करण्याचा आदेश दिला. त्या आदेशाचें पूर्ण पालन झालें नाहीं; म्हणून नोव्हेंबरमध्यें २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई ठरविण्यांत आली. परंतु सामने तोंवर होऊन गेले होते. भरपाईनें दोष सिद्ध झाला; ज्या दिवशींचा निकाल त्याच दिवशीं वाचण्याचा आनंद मात्र तिनें परत येण्यासारखा नव्हता.

दृष्टिहीनाची ही अडचण डोळसांनीं परकी मानण्याचें कारण नाहीं. तिचेंच दुसरें रूप मराठी वाचकांनींही अनुभवलें आहे. त्याच सुमारास मराठी वृत्तपत्रें संकेतस्थळांवर येऊं लागलीं होतीं. प्रत्येक अक्षराला सर्वमान्य क्रमांक देणारी ‘युनिकोड’ पद्धति १९९१ मध्यें प्रसिद्ध झाली होती व तींत देवनागरीलाही स्थान होतें. पण घरोघरचे संगणक तिला सरावण्यास बराच काळ जावा लागला. तोंवर अनेक प्रकाशनांनीं आपापले फाँट वापरले. त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचीं रूपें बसविलेलीं असत. वाचकाजवळ नेमका तोच फाँट असला तर पान सुबक मराठींत दिसे; नसला तर त्याच जागीं अर्थहीन रोमन अक्षरें उमटत. शोधयंत्राला तर तो मजकूर मराठी असल्याचें कळतच नसे. म्हणून देवनागरींत ‘पानिपत’ हा शब्द शोधणाऱ्याला पानिपतावरील लेखाचा पत्ता लागत नसे. येथेंही मजकूर रूपाशीं जखडला गेला आणि त्यासरशी त्याच्याकडे नेणारा मार्गही खुंटला. पुढें युनिकोडचा प्रसार झाला तेव्हां मराठी लेखन कोणत्याही यंत्रावर दिसूं लागलें, शोधतां येऊं लागलें आणि वाचून दाखविणाऱ्या यंत्रांच्याही आवाक्यांत आलें.

पुढील दशकांत छोट्या पडद्याचे भ्रमणध्वनि सर्वांच्या हातीं आले आणि रुंद तक्त्यांत कापून बसविलेलीं पानें त्यांवर निरुपयोगी ठरलीं. २०१० मध्यें ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकारानें पडद्याच्या रुंदीप्रमाणें मांडणी बदलण्याची पद्धति एका लेखांत मांडली. मजकूर व शैली ज्यांनीं आधींच वेगळी ठेवली होती, त्यांना ती सहज साधली.

या साऱ्या अनुभवांतून एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम काय सांगावयाचें आणि त्याचे भाग कोणते, हें मजकुरानें स्वच्छ शब्दांत सांगावें. त्याच भागांच्या नांवांनीं मार्ग आंखावा. आणि कोणता भाग मुख्य व कोणता गौण, हें मांडणीनें डोळ्यांना दाखवावें. अशा रचनेंत मांडणीचें वैभव कमी होत नाहीं. मात्र ती काढून घेतली तरी मजकूर आणि मार्ग शाबूत राहतात, आणि ज्याला ती दिसत नाहीं तोही इच्छित स्थळीं पोंचतो. चित्राच्या मागें चार शब्द लिहिण्यास आरंभींच बसलें तर काहीं क्षण पुरतात. तें काम शेवटावर ढकललें म्हणजे ३६८ दिवसांचा हिशेब मांडण्याची पाळी येते.