जुन्या ब्रिटिश आलिशान मोटारींची देखभाल व दुरुस्ती

रोल्स-रॉइस, बेंटले, जॅग्वार आणि डेमलर या कंपन्यांच्या विसाव्या शतकातील मोटारींमध्ये काही दोष वारंवार आढळतात. त्यांतील बरेचसे दोष वापरामुळे नव्हे, तर मोटार दीर्घकाळ उभी राहिल्याने व ओलाव्याने उद्भवतात. त्यामुळे कोकणासारख्या दमट प्रदेशात या मोटारींची देखभाल विशेष काटेकोरपणे करावी लागते.

हवामानाचा परिणाम

सिंधुदुर्ग जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात अतिवृष्टी होते. सावंतवाडी तालुक्यातील इन्सुलीसारख्या गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत पावसाळाभर हवेत आर्द्रता असते. किनाऱ्याकडे तिच्यात खारेपणाची भर पडते. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बाष्प कोंडते, म्हणून बंदिस्त, हवेशीर जागा व सुती आच्छादन योग्य ठरते.

गंज

दारांखालील पोकळ पट्ट्या, चाकांवरील कमानी आणि डिकीचा तळ येथे गंज प्रथम लागतो. दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची छिद्रे पानांनी व चिखलाने बुजल्यास पत्रा आतून कुजतो. रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो (१९६५–१९८०) या मोटारीचा सांगाडा पोलादी, तर दारे, बॉनेट व डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे आहे; दोन धातू जेथे भिडतात तेथे ओलाव्यामुळे क्षरण वाढते. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच टिकाऊ उपाय आहे. नुसती लांबी भरून रंग दिल्यास दोष झाकला जातो, थांबत नाही.

ब्रेक

सामान्य ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटतो व सिलिंडर आतून गंजतात. घाटाच्या उतारावर असे ब्रेक निकामी होऊ शकतात. ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे लागते. सिल्व्हर शॅडोची उच्चदाब यंत्रणा सित्रोएनच्या परवान्यावर आधारित असून तिला आरआर३६३ हे विशिष्ट ऑइल लागते. त्याऐवजी खनिज तेल घातल्यास रबरी सील फुगून संपूर्ण यंत्रणा खराब होते. जॅग्वारच्या १९६१ नंतरच्या अनेक मोटारींत मागील ब्रेक डिफरेन्शियललगत असतात. तेथील तेलगळती थेट डिस्कवर येते.

इंजिन व इंधन

जॅग्वारच्या १९४८ पासूनच्या एक्सके इंजिनाचा ब्लॉक बिडाचा व हेड ॲल्युमिनियमचे आहे. कोकणात पाणी गोठत नसल्याने रेडिएटरमध्ये साधे पाणी भरले जाते; मात्र गंजरोधक द्रव नसल्यास हेड पोखरले जाते आणि ब्लॉकच्या मागील भागात गाळ साचून इंजिन तापते. एसयू कार्बुरेटरच्या डॅम्परमधील तेल वेळोवेळी तपासावे लागते. एसयू बनावटीच्या विद्युत इंधनपंपाचे संपर्कबिंदू मोटार उभी राहिल्याने गंजतात. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या मऊ होऊन फुटण्याचा धोका असतो. त्या इथेनॉलरोधक नळ्यांनी बदलल्या जातात.

विद्युत यंत्रणा

लुकास कंपनीच्या विद्युत भागांविषयी तक्रारी प्रसिद्ध असल्या, तरी बहुतेक बिघाडांचे मूळ सैल वा गंजलेल्या अर्थ जोडणीत असते. त्यामुळे दिवा किंवा मोटर बदलण्यापूर्वी जोडण्या घासून घट्ट केल्या जातात. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तेथे बॅटरी उलटी जोडल्यास उपकरणे जळू शकतात.

अवजारे व नोंदणी

जुन्या मोटारींतील नट-बोल्ट व्हिटवर्थ किंवा इंची मापाचे असतात. मिलिमीटरच्या पान्याने त्यांची टोके झिजतात. जुलै २०२१ मधील केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या वाहनास 'व्हीए' मालिकेतील विंटेज क्रमांक मिळू शकतो. मात्र सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. त्यामुळे मूळ इंजिन काढून दुसरे बसवण्याची स्वस्त दुरुस्ती या नोंदणीस बाधक ठरते.