पाठमोरे साक्षीदार

10 जुलै 1804, रात्री 10. न्यूयॉर्क. अलेक्झांडर हॅमिल्टन बायकोला, एलिझाला, पत्र लिहितोय. अमेरिकेचा हा पहिला अर्थमंत्री. राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या अंगावर घेऊन त्याने नव्या देशाची पत उभी केली. घरचं कर्ज मात्र अजून फिटलेलं नाही. उद्याच्या द्वंद्वात पहिली गोळी वाया घालवायची, हेही त्याने लिहून ठेवलंय. एलिझाला कसलाच पत्ता नाही.

भांडण एका शब्दावरून. हॅमिल्टनने उपराष्ट्राध्यक्ष आरन बरबद्दल ‘तिरस्करणीय’ मत बोलून दाखवलं, असं एका डॉक्टरचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. बरने खुलासा मागितला. हॅमिल्टन पडला वकील. तो त्या शब्दाचाच कीस काढत बसला. सरळ दोन ओळींची दिलगिरी लिहिली असती, तर मला वाटतं प्रकरण तिथेच मिटलं असतं.

11 जुलै, पहाटे. दोघांच्या होड्या वेगवेगळ्या निघतात. पिस्तुलं बॅगेत दडवलेली. उद्या कोर्टात विचारलं तर नावाड्यांना ‘आम्ही पाहिली नाहीत’ म्हणता यावं! द्वंद्व बेकायदा होतं ना.

सकाळी 7. हडसनपलीकडचं वीहॉकन. हॅमिल्टनचा थोरला मुलगा फिलिप 1801 मध्ये याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर द्वंद्वात गेला, अवघ्या 19 व्या वर्षी. दहा पावलांचं अंतर मोजून होतं. हॅमिल्टन थांबायला सांगतो, खिशातून चष्मा काढून लावतो, पिस्तूल रोखून पाहतो. गोळी वाया घालवणाऱ्याला चष्मा कशाला हवा होता? नावाडी पाठ करून उभे. सोबत आलेले डॉक्टर होसॅकही खालीच, नजरेआड.

दोन बार. हॅमिल्टनची गोळी वर झाडाच्या फांदीत. बरची उजव्या कमरेच्या वर घुसून यकृतातून मणक्यात. पहिला बार कोणाचा, यावर दोघांसोबत आलेल्या साथीदारांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

परतीची होडी. शुद्धीवर आलेला हॅमिल्टन बजावतो, ते पिस्तूल जपून, भरलेलं आहे. ते केव्हाच उडालेलं असतं.

12 जुलै, दुपारी 2. मित्राच्या घरी, बायकोमुलांसमोर अखेर.

फेब्रुवारी 1805. सिनेटमध्ये न्यायमूर्ती सॅम्युअल चेसवर महाभियोग चालतोय. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष बर. त्याच्यावर दोन राज्यांत आरोप ठेवले गेले होते. खटला एकाही ठिकाणी उभा राहिला नाही.