आधी वॉर्ड, मग घर?

बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीने घरपोच रुग्णसेवेचा विषय काढला की अमरावती-अकोल्यात एकच उत्तर मिळतं: आधी दोन वर्षं वॉर्डात काढ, हात बसू दे, मग बघ. जुन्या सिस्टर हेच सांगतात, कॉलेजातल्या मॅडमही हेच. या सल्ल्यामागची काळजी खरी आहे. वॉर्डात शीर सापडली नाही तर शेजारच्या सिस्टरला हाक मारता येते. रुक्मिणीनगरातल्या एखाद्या घरात म्हातारं जोडपं एकटं, मुलगा पुण्याला. तिथे हाक कोणाला मारणार?

पण वॉर्डात शिकवणारं कोणीतरी असतंच, हे या सल्ल्यात गृहीत धरलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण-रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला कुठल्याही भरलेल्या वॉर्डात डोकावून हा हिशेब लावून पाहा. नवी मुलगी तिथे पुष्कळ काही निभावून नेते. तिचं कुठे चुकतं, हे बघायला मात्र कोणाला सवड नसते.

आणि सरकार तरी ‘आधी वॉर्ड’ हा नियम कुठे पाळतं? आयुष्मान भारतमध्ये उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात, त्यात नर्सिंगचे पदवीधरही असतात. मेळघाटातल्या उपकेंद्रावर हाकेच्या अंतरावर कुठला आला वॉर्ड?

सर्वांत मोठा पुरावा आपल्या विदर्भातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना घरोघर जाऊन नवजात बाळं तपासायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्यापर्यंतचं काम त्यांनी केलं. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. यावर कोणी म्हणेल, त्यांना मोजकंच काम होतं, लक्षणं ठरवून दिलेली होती, डॉक्टर नियमित देखरेखीला येत. अगदी बरोबर, आणि माझंही म्हणणं तेच आहे. त्या बाया सुरक्षित काम करू शकल्या त्या देखरेखीच्या बळावर. वॉर्डात किती वर्षं काढली, याचा तिथे प्रश्नच नव्हता.

शिवाय घरची परिचर्या वॉर्डात शिकायला मिळतेच असंही नाही. खारपाणपट्ट्यातल्या गावचा मूत्रपिंडाचा रुग्ण घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा तो डायलिसिसला अकोल्याला खेटे घालतो, दर वेळी चारेक तास मशीनवर. बाकीचा सगळा वेळ घरी. घरी आलेली परिचारिका आधी त्याच्या हातावरच्या फिस्टुलावर बोटं टेकवते. आत सतत थरथर जाणवली पाहिजे. ती थांबली असेल तर आत गाठ धरल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, हे घरच्यांच्या अंगवळणी पाडायचं. मग वजन बघायचं, पायावरची सूज दाबून बघायची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना घसा कोरडा पडलेल्या माणसाला दिवसभराचं पाणी मोजून कसं द्यायचं? ते त्याच्या घरच्या माठापाशी बसूनच ठरतं. जेवणात पापड, लोणचं, ठेचा कोण वाढतं, हेही तिथेच कळतं. दवाखाना, औषधं, तपासण्या आणि घर यांची सांगड घालणारी केस मॅनेजर आपल्याकडे क्वचितच असते. तिचं काम परगावी राहणारा मुलगा फोनवरून जमेल तेवढं करतो. ही जागा शिकलेल्या परिचारिकेची आहे. घरच्या परिचर्येला ‘आयाचं काम’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही कामं एकदा उभं राहून बघावीत.

म्हणून मुलींनो, वर्षं मोजत बसू नका, घरोघरी परिचारिका पाठवणाऱ्या ब्युरोवाल्याला नीट विचारा. पहिले काही आठवडे सोबत अनुभवी सिस्टर येईल का? डॉक्टरांची ऑर्डर लेखी मिळेल का? रात्री अडलं तर फोन कोण उचलेल? घरात कोणी गैर वागलं तर त्याच क्षणी निघून येण्याची मुभा आहे का? महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी नसलेल्या अटेंडंटलाही ‘नर्स’ म्हणून पाठवता का? व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पत्ता टाकून मोकळा होणारा ब्युरो असेल, तर तिथे अजिबात जाऊ नका. त्यापेक्षा वॉर्ड बरा. आणि ही उत्तरं सरळ मिळाली, तर दोन वर्षं थांबायचं काही कारण मला दिसत नाही.