व्हेपिंग आणि छातीतील जळजळ

ई-सिगारेटमधून निघणारा, बहुधा निकोटीन असलेला फवारा ओढणे म्हणजे व्हेपिंग. जठरातले आम्ल उलटे अन्ननलिकेत चढले की छातीच्या मधल्या हाडामागे आग होते, ती छातीतील जळजळ. बोलताना आपण तिला ‘ऍसिडिटी’ किंवा ‘पित्त’ म्हणतो. आंबट ढेकर, घशाशी येणे, तोंडाला आंबट पाणी सुटणे ही तिची नेहमीची सोबत. त्रास आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा होऊ लागला, की डॉक्टर ‘जीईआरडी’ या आजाराचा विचार करतात. ई-सिगारेटमध्ये धूर नाही, राख नाही, डांबर नाही, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य समजली जाते. फुप्फुसांपुरता या म्हणण्याला काही आधार आहे. जळजळीच्या बाबतीत मात्र धुराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, संशय निकोटीनवर आहे. आणि ते इथे शाबूत असते.

धुराविना सिगारेटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1963 मध्ये अशा साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला व 1965 मध्ये ते त्यांना मिळाले. पण वस्तू बाजारात आली नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय चिनी औषधतज्ज्ञ हॉन लिक यांना दिले जाते. ते स्वतः सिगारेट ओढत, आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. 2003 मध्ये त्यांनी घडवलेले साधन पुढच्याच वर्षी चीनमध्ये विक्रीला आले.

साधनाचे पोट उघडून पाहिले तर आत फार काही नसते: बॅटरी, तारेचे बारीक वेटोळे, त्यात ओवलेली कापसाची वात आणि भोवती चिकटसर द्रव. हा द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे मिश्रण. त्यात निकोटीन आणि आंबा, पुदिना, व्हॅनिला असले स्वाद मिसळलेले असतात. झुरका घेतला की वेटोळे तापते, वातीतला द्रव उडतो आणि लगेच थंड होऊन त्याचे सूक्ष्म थेंब बनतात. द्रव संपत आला की कोरडी वात करपते आणि घशाला खरखरीत चटका बसतो. व्हेप ओढणाऱ्यांना हा चटका चांगला ठाऊक असतो. थेंबांपैकी काही तोंडात व घशात बसतात आणि लाळेबरोबर गिळले जातात. म्हणजे अन्ननलिकेचा या द्रवाशी थेट संबंधही येतो, जरी मुख्य परिणाम रक्तातून पोहोचणाऱ्या निकोटीनचा मानला जातो.

अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे स्नायूचे एक कडे असते. घास उतरताना ते सैल पडते, एरवी आवळलेले राहते. विश्रांतीच्या वेळी त्याचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 30 मिलिमीटरांइतका असतो, आणि श्वासपटलाचे तंतू बाहेरून त्याला साथ देतात. हे कडे भलत्या वेळी ढिले पडले की आम्लाला वाट मिळते. निकोटीन अशा अनैच्छिक स्नायूंना सैल करते. सिगारेट ओढताना या कड्याचा दाब उतरतो, हे अमेरिकेत व ब्रिटनमध्ये 1971-72 च्या सुमारासच मोजून दाखवले गेले होते. धुराशी काही देणेघेणे नसलेल्या निकोटीनच्या च्युइंगगम व चघळण्याच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकातही उचकी आणि छातीतील जळजळ हे दुष्परिणाम छापलेले असतात. व्हेपिंगवर संशय घ्यायला हा दुवा पुरेसा बोलका आहे.

गोष्ट दाबाच्या आकड्यापाशी संपत नाही. पीटर काहरिलास व आर. आर. गुप्ता यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांच्या अन्ननलिकेतील आम्ल आणि दाब एकाच वेळी नोंदवले. आम्ल वर येण्याच्या बहुतेक वेळा खोकला किंवा खोल श्वास यांच्याशी जुळलेल्या निघाल्या. कडे आधीच दुबळे, त्यात खोकल्याने पोटातला दाब एकदम वाढतो आणि आम्ल वर ढकलले जाते. व्हेप ओढणाऱ्याला हा मुद्दा लागू पडण्यासारखा आहे. नवख्याला पहिल्याच झुरक्याला ठसका लागतो आणि सवय झालेला खोल, लांबलचक झुरके घेतो. ई-सिगारेटचा झुरका साध्या सिगारेटच्या झुरक्यापेक्षा सहसा लांब असतो. याशिवाय झुरक्याबरोबर थोडी हवा गिळली जाते, जठर फुगते आणि ढेकर यावी म्हणून कडे क्षणभर आपोआप उघडते. निरोगी माणसातही आम्ल वर येते ते बहुतांशी अशाच क्षणी.

वर आलेले आम्ल धुऊन काढायचे काम लाळेचे. गिळण्याच्या हालचालीने अन्ननलिका रिकामी होते आणि उरलेले आम्ल लाळेतल्या बायकार्बोनेटने शमते. सिगारेट ओढणाऱ्यांत ही सफाई मंदावते, असे काहरिलास-गुप्ता यांच्याच आधीच्या कामात दिसले होते. व्हेपिंगमध्ये याला आणखी एक कारण जोडले जाते: प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन दोन्ही पाणी शोषून घेणारी द्रव्ये आहेत, आणि तोंड कोरडे पडणे ही व्हेप ओढणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. कोरड्या तोंडावर उपाय म्हणून कोला किंवा कडक कॉफी प्यायली, तर आगीत तेलच.

स्वादांपैकी पुदिन्याचा उल्लेख वेगळा करायला हवा. पुदिन्याचे तेल अनैच्छिक स्नायू सैल करते. आतड्याच्या तक्रारींवर दिल्या जाणाऱ्या त्याच्या कॅप्सूलवर जठरात न विरघळणारे आवरण चढवतात, त्यामागे जळजळ टाळणे हाही हेतू असतो. या तेलाचा मुख्य घटक मेंथॉल. ओढलेल्या मेंथॉलचा कड्यावर परिणाम होतोच असे ठामपणे म्हणता येत नाही. पण ज्याला आधीच त्रास आहे त्याने ‘मिंट’ थंडावा देते म्हणून तेच निवडावे, यात शहाणपण नाही. स्वादांवर ‘खाण्यास सुरक्षित’ असा शिक्का असला तरी ती परीक्षा खाण्यासाठीची असते. तापवून ओढण्यासाठीची नसते.

मात्रेचा प्रश्न खरा गुंतागुंतीचा आहे. साधी सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. विझवावी लागते, दुसरी पेटवावी लागते. व्हेपला असा शेवट नाही. टेबलावर, गाडीत, जेवणानंतर, अंथरुणात फोन बघता बघता झुरके चालूच राहतात आणि एकूण किती निकोटीन गेले याचा हिशेब ओढणाऱ्यालाही लागत नाही. त्यात निकोटीनच्या क्षारांची भर पडली. पूर्वी तीव्र द्रव घशाला बोचे, म्हणून माणूस आपसूक थांबे; बेन्झॉइक आम्ल मिसळून केलेल्या क्षारांनी ती बोच काढून टाकली. 2015 मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ या ई-सिगारेटने 5 टक्के निकोटीनचे द्रव रूढ केले, युरोपीय संघात मर्यादा मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची, म्हणजे 2 टक्क्यांची आहे. भरल्या पोटी आडवे होणे हे जळजळीचे जुने निमंत्रण, आणि झोपण्यापूर्वीचा व्हेप नेमका त्याच वेळेला गाठतो.

पुराव्याची स्थिती पाहता सावधपणे बोलणे भाग आहे. वर दिलेली बरीचशी साखळी सिगारेट व निकोटीन यांच्या अभ्यासावरून बांधलेली आहे. व्हेप ओढणाऱ्यांच्या पाहण्यांतून कार्यकारण ठरवणे अवघड जाते, कारण त्यांतले अनेक जण आधी सिगारेट ओढत होते आणि काही जण आजही दोन्ही ओढतात. सिगारेट सोडून व्हेपकडे वळलेल्याची जळजळ थोडी कमी होऊ शकते, आणि कधीच काही न ओढलेल्याला व्हेपमुळे ती नव्याने सुरू होऊ शकते. या दोन विधानांत विसंगती नाही. तंबाखू सोडल्याने जळजळ जाते का, यावर नॉर्वेतील हुंट पाहणीचे 2014 मधील निष्कर्ष उद्‌बोधक आहेत. वजन आटोक्यात असलेल्या आणि नियमित औषध घेणाऱ्या लोकांत तंबाखू सोडल्यावर तीव्र लक्षणे उतरली. वजन जास्त असलेल्यांत तसा फरक दिसला नाही. पोटाचा घेर हा स्वतंत्र कारभारी आहे, हे व्हेपला दोष देताना विसरून चालत नाही.

निकोटीनचा विचार करताना महाराष्ट्रात व्हेपवर थांबता येत नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते. सकाळी उपाशीपोटी मशेरी लावणारी बाई आणि रात्री व्हेपचा पॉड ओढणारा तरुण यांच्या सवयींत पिढ्यांचे अंतर असले, तरी अन्ननलिकेच्या कड्याला हा फरक कळत नाही.

भारतात 18 सप्टेंबर 2019 च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदीचा एक अनपेक्षित परिणाम दवाखान्यात दिसू शकतो. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला पॉड वापरणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, केसपेपरवर ‘व्यसन नाही’ अशी नोंद होते आणि ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या गोळ्या महिनोन्महिने चालू राहतात. चोरट्या बाजारातल्या द्रवात निकोटीन किती, हे वेष्टनावरून कळण्याचीही खात्री नसते. त्यामुळे ‘निकोटीन कुठल्या रूपात घेता?’ असा प्रश्न अधिक उपयोगी, आणि रुग्णाने न विचारताही सांगितलेले बरे.

जळजळ व्हेपमुळेच आहे का, हे पाहण्याचा साधा मार्ग म्हणजे दोन-तीन आठवडे व्हेप पूर्ण बंद ठेवणे आणि त्या काळात जेवणाची वेळ, चहा-कॉफी, औषधे शक्यतो तशीच राखणे. सगळे एकदम बदलले तर कशाने बरे वाटले ते कळत नाही. सोडताना सुरुवातीला चिडचिड, भूक वाढणे, तोंडाला सारखे काहीतरी हवेसे वाटणे हे होते. चघळायच्या निकोटीन-गोळीने हा काळ निभावला तर जळजळ काही दिवस रेंगाळू शकते. गिळताना अडकणे, वजन उतरणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौचास होणे ही लक्षणे असतील तर असले प्रयोग न करता दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम सुटणे, धाप लागणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे असे काही असेल तर ते पित्त समजून ‘इनो’ पिऊन वाट पाहू नये. निकोटीन हृदयाची गती व रक्तदाबही वाढवते. म्हणून व्हेप ओढणाऱ्याच्या छातीतल्या कळेला आधी ईसीजी, मग ऍसिडिटीची गोळी.