तेरा खासदार आणि एक मराठी उमेदवार : १९६९ ची जर-तरची गोष्ट



आपल्या तालुक्याला जर-तरचं वावडं नाही. खर्ड्याच्या किल्ल्याचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतंच, "सवाई माधवराव अजून वीस वर्षं जगले असते तर?" मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम हरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पेशवा गेला, अवघ्या एकविसाव्या वर्षी. मग कोणीतरी जाणता माणूस सगळ्यांना गप्प करतो, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. सोडा आता."

पण एक जर-तर असं आहे की ते चक्क बेरीज-वजाबाकीत मांडता येतं. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. आणि त्यात आपली मराठी माणसं ठिकठिकाणी उभी आहेत. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

झालं असं. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते, पक्षातल्या जुन्या नेत्यांना नीलम संजीव रेड्डी. आपल्या यशवंतराव चव्हाणांनी कौल दिला तो रेड्डींच्या बाजूनं. मुंबईचे स. का. पाटीलही तिकडेच होते. रेड्डी उमेदवार ठरले. इंदिराबाईंनी त्यांच्या अर्जावर सहीसुद्धा केली.

मग चक्रं फिरली. इंदिराबाईंनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्या वटहुकमावर सही करणारे होते हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी. दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन ते अपक्ष म्हणून मैदानात उतरले. आणि इंदिराबाई म्हणाल्या, सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं!

तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. रायगडाच्या पायथ्याकडचा, महाडजवळच्या नात्याचा माणूस. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून १९५६ साली मंत्रिपदावर लाथ मारणारे. १९६९ ला त्यांना उभं केलं स्वतंत्र पक्ष आणि जनसंघानं. गंमत बघा, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण ज्यांच्या हातून झालं, तेच आता राष्ट्रीयीकरणाला कडाडून विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षाचे उमेदवार! यादीत आणखी एक मराठी नाव होतं, दलित चळवळीतले पां. ना. राजभोज. त्यांना ८३१ मतं पडली.

आता हिशेब. नाशिक विभागात पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाचं मतदान ज्यांनी केलंय, त्यांना पसंतीक्रम ठाऊक आहे. इथंही तसंच. पहिल्या पसंतीत कोणी कोटा गाठला नाही तर तळातले उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. फरक एवढाच की इथं मताला 'मूल्य' असतं. तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य होतं ५७६.

मतदान १६ ऑगस्टला, मोजणी २० ऑगस्टला. कोटा होता ४,१८,१६९ चा. पहिल्या फेरीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि चिंतामणराव १,१२,७६९. कोणीच पार नाही. शेवटी निकाल अडला तो देशमुखांच्या मतपत्रिकांवर. त्यांच्या आणि बाकी बाद झालेल्यांच्या पुढच्या पसंतीतून रेड्डींना ९१,८७९ मतं मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. पण गिरींना तेवढी पुरली. अखेरचा आकडा : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

फरक १४,६५०. ५७६ नं भागून बघा. तेरा खासदार गिरींकडून रेड्डींकडे वळले असते तर निकाल उलटला असता. फक्त तेरा! २०२४ ला आपल्या कर्जत-जामखेडचा निकाल १,२४३ मतांनी लागला तेव्हा आपण रात्रभर जागलो होतो. इथं तर अख्ख्या देशाचा प्रश्न होता आणि माणसं तेरा.

उलटला असता तर काय? चिंतामणराव राष्ट्रपती झाले असते असं मी म्हणणार नाही. आकडेच तसं सांगत नाहीत, उगाच मराठी अभिमानापोटी थाप कशाला मारायची. झाले असते रेड्डी. आणि स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध डाव टाकून हरलेल्या पंतप्रधानांना पक्षानं किती दिवस ठेवलं असतं? नोव्हेंबरात काँग्रेस फुटली तेव्हा इंदिराबाई जिंकलेल्या बाजूला होत्या, म्हणून बहुतेक खासदार त्यांच्याकडे राहिले. डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी मुदतीआधी लोकसभा बरखास्त करायला सांगितली, गिरींनी केली. मग १९७१ चा 'गरिबी हटाव'चा विजय. ही साखळी तिथंच तुटू शकली असती.

कोणी म्हणेल, राष्ट्रपती काय, सहीचा धनी. पण मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे हे घटनेत स्पष्ट शब्दांत आलं १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं. १९६९ ला तो संकेत होता. आणि रेड्डी काय करू शकतात हे पुढे दिसलंच. १९७७ ला ते बिनविरोध राष्ट्रपती झाले. १९७९ ला चरणसिंगांचं सरकार कोसळल्यावर जगजीवनराम आपल्याकडे बहुमत आहे असं सांगत होते, तरी रेड्डींनी लोकसभा बरखास्त केली. कोणाची सही, याला महत्त्व असतंच.

आता पुन्हा बंगळूरला चला, कारण मला ते जर-तर जास्त टोचतं. यशवंतरावांनी तेव्हा जगजीवनरामांच्या पारड्यात वजन टाकलं असतं आणि ते उमेदवार झाले असते, तर? देशाला पहिला दलित राष्ट्रपती कदाचित १९६९ लाच मिळाला असता. के. आर. नारायणन यांच्यापर्यंत, म्हणजे १९९७ पर्यंत, थांबावं लागलं नसतं. आणि जगजीवनराम तर दोनदा हुकले. दुसऱ्यांदा १९७९ ला, पंतप्रधानपदावरून, आणि तेही रेड्डींच्याच हातून.

मराठी राष्ट्रपती व्हायला २००७ उजाडलं. प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेनं युती बाजूला ठेवून त्यांना मतं दिली, मराठी म्हणून. देशमुखांच्या वेळी तसं काही घडलं नाही. ज्या माणसानं मुंबईसाठी खुर्ची सोडली, तो तिसरा आला आणि आपण विसरूनही गेलो.

मंडळी, हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. मतदान गुप्त असतं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे, ते आपल्या लोकसंख्येवरून ठरलंय. म्हणजे कर्जत-जामखेडचा आमदार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, ते मत आपल्या जिवावर टाकतो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्या तेरांपैकी कोणाला तरी त्याच्या गावच्या लोकांनी विचारलं असेल का, "साहेब, पहिली पसंती कोणाला आणि दुसरी कोणाला? आणि का?" मला नाही वाटत.

पुढची निवडणूक २०२७ ला आहे. रस्ता, पाणी, कुकडीचं आवर्तन हे तर विचारूच. पण एकदा हेही विचारा. उत्तर देणं न देणं त्यांच्या हातात, मत गुप्त आहे. विचारणं मात्र आपल्या हातात आहे. नाहीतर पन्नास वर्षांनी आपली नातवंडं खर्ड्याच्या किल्ल्यावर बसून आपल्याच नावानं जर-तर करत बसतील.