अस्थिर रोजगार आणि बालदारिद्र्य (वर्धा जिल्हा)

आईवडिलांचे काम हंगामी, रोजंदारीचे किंवा उक्ते असल्यामुळे मुलांच्या आहार, आरोग्य व शिक्षणात पडणारी तूट. वर्धा जिल्ह्यात (लोकसंख्या १३,००,७७४, २०११) तिचे मूळ मुख्यतः कोरडवाहू कापूसशेतीत आहे. मजुरी कमी असल्याने घर ओढगस्तीत राहते. मजुरीत खंड पडला की ते कर्जात जाते, आणि मुलांना हा खंड जास्त नडतो.

जून-जुलैत पेरणी, मग निंदण व डवरणी, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी, असे इथल्या कामाचे वर्ष. वेचणी बहुतांशी बायका करतात. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे अवकाळी पाऊस आला की तो दिवस बुडालाच. उन्हाळ्यात कोरडवाहू शिवारात काम जवळपास उरत नाही. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, पण उचल घेतलेली असल्याने पुढची कमाई आधीच खर्ची पडलेली असते. अल्पभूधारकाची गत फार निराळी नाही. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी २००२ नंतर मोडीत निघाली आणि भावाची जोखीमही त्याच्याच अंगावर आली.

वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते, तान्हे मूल थोरल्या मुलीकडे राहते आणि तिची शाळा बुडते. चौदा वर्षांखालील मुलांना मजुरीला लावणे गुन्हा आहे. मात्र २०१६ च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामात मदत करण्याची मुभा ठेवली, आणि कापसाच्या शेतात ही सीमारेषा पाळणार कोण? शाळेतले मध्यान्ह भोजन सहसा उन्हाळ्याच्या सुट्टीत थांबते, म्हणजे घरात मजुरी नसते नेमक्या त्याच महिन्यांत. योजना आखताना या गोष्टीकडे दुर्लक्ष होते, हे अक्षम्य आहे.

२००५ मध्ये जिल्ह्यातील कर्जबाजारी डोरली गावाने स्वतःलाच विक्रीला काढल्याचा फलक लावला. पुढच्या वर्षी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग जिल्ह्यातल्याच वायफड गावी आले आणि वर्ध्यासह विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला राज्य शासन एक लाख रुपये देते, पण त्यासाठी कुटुंबाच्या नावावर जमीन आणि बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज दाखवावे लागते. भूमिहीन मजुराची मुले या व्याख्येत बसतच नाहीत.

या अस्थिरतेचे मर्म ओळखणारा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावोगावी आरोग्य विमा उभा केला. त्याची वर्गणी ज्वारीत होती. ती सुगीला, घरात धान्य असताना गोळा होई. भूमिहीनाने थोडी द्यावी आणि शेतकऱ्याने जमिनीच्या प्रमाणात जास्त द्यावी, पण उपचार सर्वांना मिळावेत, अशी रचना होती. त्यामुळे उन्हाळ्यात मूल आजारी पडले तरी बापाला सावकाराचे दार गाठावे लागू नये, ही सोय झाली. ज्वारीच्या वावरांत पुढे सोयाबीन आले, म्हणजे वर्गणीचे ते धान्यच कमी झाले. सूक्ष्म वित्तसंस्थांच्या कर्जाचे हप्ते मात्र आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेले असतात. वेचणी सुरू आहे की काम बंद आहे, याचा त्या वेळापत्रकाशी संबंध नसतो.